दक्षिणेकडचा कोपरा

“त्या कोपऱ्यात हात घालू नकोस,” थर्मासचं झाकण फिरवत डॉक्टर कॉब म्हणाले. “कोरी माती आहे ती, काही मिळायचं नाही. वेळ फुकट जाईल.”

“पण स्ट्राउडला लिफ्टचा खड्डा तिथेच हवाय, सर. कालच येऊन बजावून गेला.” एडविन टॅप्सेलने कुदळ खाली ठेवली नाही.

“त्याला काय, उद्या चर्चच्या मनोऱ्यालाही लिफ्ट हवी असेल.”

एल्मस्टोक गावचा सातशे वर्षांपूर्वीचा मठ गाड्या लावायच्या आवाराखाली गाडला गेला होता. आता बॅरी स्ट्राउड तिथे फ्लॅट बांधणार होता. त्याआधी गावच्या इतिहास मंडळाला खोदायला तीन आठवडे मिळाले होते. मुदत शुक्रवारी संपत होती आणि आज बुधवार उजाडला होता.

स्ट्राउड दिवसातून दोनदा कुंपणापाशी येऊन उभा राही. “काय रे टॅप्सेल, अजून उकरतोयस? तुझ्या त्या साधूंना म्हणावं, जरा लवकर उठा!”

एडविन पाठ फिरवून खणत राही. त्याला त्या माणसाचं तोंडसुद्धा बघवत नसे. बेचाळीस वर्षांपूर्वी एडविनची थोरली बहीण विनी बेपत्ता झाली, तेव्हा ती या स्ट्राउडबरोबर फिरत होती. त्या उन्हाळ्यात कॉब इथेच खणत होते आणि विनी त्यांच्याकडे नकाशे काढायला होती. एका शनिवारी ती घरी आलीच नाही. पोलिसांनी स्ट्राउडला दोनदा नेलं, दोनदा सोडलं. आई मरेपर्यंत रात्री पुढच्या दाराला कडी लावत नव्हती. विनी जिवंत असेल ही आशा एडविनने केव्हाच सोडली होती. ती सापडावी आणि आईशेजारी तिला नीट पुरता यावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्या वाईट दिवसांत कॉबनीच एकोणीस वर्षांच्या एडविनला हाताखाली घेतलं. माती कशी वाचायची, बोटांना घाई कशी करू द्यायची नाही, सगळं त्यांनी शिकवलं. “स्ट्राउडवर नजर ठेव,” एवढंही ते अधूनमधून सांगत. बाप करणार नाही एवढं त्यांनी केलं, असं एडविन चारचौघांत बोलून दाखवी.

सोमवारी उत्तरेच्या बाजूला कॉबचाच त्या उन्हाळ्यातला, १९८३ सालचा, बुजवलेला खड्डा लागला होता. तळाशी पौंडाचं नाणं होतं, त्या वर्षी नव्यानेच निघालेलं. खड्डा बुजवण्याआधी चालू सालचं नाणं तळाशी ठेवायचं, ही उत्खननवाल्यांची जुनी रीत. पुढे खणणाऱ्याला कळतं, आपल्याआधी कुणीतरी इथे येऊन गेलंय. कॉब मात्र ते कौलाच्या तुकड्यावर ठेवत, आणि तेही राणीचं तोंड खाली करून. “बाईच्या तोंडावर माती कशाला टाकायची?” म्हणत. मंडळातली माणसं त्यावरून हसत. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे खूळ आलंच नसतं.

“दक्षिणेकडे मी तेव्हा गेलोच नव्हतो,” नाणं पुसत कॉब म्हणाले होते. “तिकडे कुणाचंच फावडं लागलेलं नाही.”

तरीही एडविनने तो कोपरा उघडला. दुपारी दोनला कवटी लागली.

डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, हात छातीवर दुमडलेले. मठातले सगळे असेच पुरलेले होते. शहात्तर वर्षांचे कॉब गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

“साधूच आहे,” शेवटी ते म्हणाले. “तू घरी जा एडविन, दमलायस. हाडं मी भरतो पेटीत.”

“तुम्ही? तुमची कंबर धरलीय, सर. बसा तुम्ही.”

एडविन ब्रश घेऊन पायांकडे सरकला. घोट्यापाशी पितळेचे हिरवट दात लागले, बारीक, एका ओळीत. ओळ गुडघ्यापर्यंत गेली. दुसऱ्या पायालाही तशीच. अशा चेनवाल्या बुटांसाठी विनीने आईशी आठवडाभर भांडण काढलं होतं.

“साधू चेन लावत नाहीत, सर,” एडविन म्हणाला.

“काय सापडलं रे?” कुंपणापलीकडून स्ट्राउडने विचारलं. तो नेमका आताच कसा आला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! एडविन धावत गेला आणि कुंपणावरून हात घालून त्याने स्ट्राउडची कॉलर धरली.

“विनी सापडली! बेचाळीस वर्षं माझ्या तोंडावर हसलास, हरामखोरा!”

स्ट्राउडचा चेहरा पांढरा पडला. “विनी? इथे?” तो कॉलर सोडवायचंही विसरला. “अरे, इथे खणा म्हणून मीच मागे लागलो होतो ना तुमच्या?” आणि तो म्हातारा फुटपाथवर बसून ढसाढसा रडायला लागला.

कॉबनी एडविनच्या खांद्यावर हात ठेवला. “नाटकं आहेत. ऐकू नकोस. मी गाडीतून फोन घेऊन पोलिसांना कळवतो. तोवर कशालाही हात लावायचा नाही, कळलं?”

“हो, सर.”

एडविन खड्ड्यात उतरून विनीजवळ बसला. ती एकटी नको पडायला, म्हणून. तिच्या कवटीशेजारी माती जरा ढासळली होती आणि तळाशी काहीतरी लालसर दिसत होतं. कशालाही हात लावायचा नव्हता. पण बेचाळीस वर्षांची सवय, ब्रश आपसूक फिरला.

कौलाचा तुकडा होता. त्यावर पौंडाचं पिवळं नाणं.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. एडविनने नखाने नाणं हळूच उलटवलं. राणीच्या तोंडाला मातीचा कणही लागलेला नव्हता.