दोनशेचा बल्ब

“वाच म्हणते ना!” मी फूटपट्टी उगारली. जुईने चेहऱ्यापुढे हात धरला. “आई, अक्षरं पळतात गं.”

अक्षरं कधी पळतात का? चौथीत आली, तरी एक ओळ धड वाचत नाही. आज बाईंनी तिचं नाव ‘अप्रगत’ मुलांच्या यादीत घातलं. मी ब्लाउज शिवणारी बाई. नीट दिसलं नाही की दिवा मोठा करायचा, एवढंच मला ठाऊक. म्हणून मशीनजवळची, भर उजेडातली जागा तिला दिली. दुसरीत साठचा बल्ब लावला, तिसरीत शंभरचा, परवा दोनशेचा. आता आणखी काय करू, पोरीच्या डोक्यात बल्ब लावू?

तेवढ्यात वीज गेली. खिडकीतून येणारा दिवेलागणीचा अंधुक उजेड तेवढा उरला. फूटपट्टी टाकून मी कपाळाला हात लावला, आणि जुई वाचू लागली. न अडखळता. पान उलटून पुढचंही.

“पाठ केलंस?”

“नाही गं. आता अक्षरं गप उभी आहेत.”

वीज आली. दोनशेचा बल्ब लख्ख पेटला, आणि जुईने चेहऱ्यापुढे हात धरला.

माझ्या हातात आता फूटपट्टी नव्हती.