चौतीस ग्रॅम

“चौतीस ग्रॅम. अर्ज नियमात बसत नाही,” म्हणत कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी कागद परत सरकवला.

मुलानं तो घेतला. चाळिशीला टेकलेला गडी, इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामावर बारा वर्षं हंगामी. कायम व्हायचं, तर नावावरचा जुना गुन्हा पुसला जायला हवा होता आणि मुदतीचा आज शेवटचा दिवस होता. मागे त्याचे वडील उभे होते. उभी हयात औषधाच्या दुकानात कंपाउंडर म्हणून घालवलेला माणूस. पण सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाकावर बसत, लगेच उठत, दारापर्यंत जाऊन परत येत. ओठांत देवाचं नाव घोळवायची सवय, पण आज तेही मध्येच तुटत होतं.

“बाई, नियम एकदा नीट सांगा ना,” म्हणत ते खिडकीशी आले.

“आजोबा, तिसऱ्यांदा सांगतेय. नव्या कायद्यानं सज्ञान माणसाला तीस ग्रॅमपर्यंत गांजा जवळ ठेवता येतो. ओढायचा तो आपल्या घरात. रस्त्यावर नाही, बागेत नाही, शाळेच्या आसपास तर नाहीच नाही. पूर्वी ज्याच्याकडे तीसच्या आत सापडला, त्याचा गुन्हा पुसायचा. तीसच्या वर असेल, तर राहू द्यायचा.”

“ओल्याचं वजन की सुक्याचं?”

“सुक्याचं.”

“काड्या, बिया धरून?”

“आजोबा, या वयात सुरू करायचाय की काय तुम्हाला?”

रांगेत हशा पिकला. मुलगाही कसनुसा हसला. “चला बाबा, चार ग्रॅमसाठी किती डोकं फोडाल? तेव्हा तुरुंगाची हद्द पंचवीसची होती, म्हणून आठ महिने आत काढले. आता ती तीसवर गेली, तरी माझं घोडं तिथंच अडलंय.”

वडील हलले नाहीत. कपाळावर घाम साचला होता, तो त्यांनी बाहीनं टिपला.

“बाई, समजा, माल पत्र्याच्या डबीत असला. तर वजन डबीसकट धरायचं?”

“छे, डबी वजा करायची. हे काय विचारणं झालं?”

“आणि ते वजनच चुकलेलं असलं, तर?”

बाईंनी सुस्कारा टाकला. जुनी फाइल पुन्हा उघडली, ओळींवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

“वजन तक्रार देणाऱ्यानं स्वतःच करून आणलंय. चौकीनं त्याचा आकडा तसाच उतरवून घेतलाय. त्या माणसानं इथे येऊन सही करून चूक कबूल केली, तर आकडा बदलता येतो. नाव पाकिटात बंद आहे. तो आला, तर ताडून बघू.”

“झालं तर मग,” मुलगा म्हणाला. “एकोणीस वर्षांपूर्वी ज्यानं माझी चुगली केली, तो देवमाणूस आज मला सोडवायला धावत येणार. चला, घरी जाऊ.”

त्यानं वडिलांचा दंड धरला. बाही घामानं ओली लागली. मुलाचा आवाज एकदम खाली आला.

“बरं वाटत नाहीये का? सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. आधी बसा बघू. नोकरीचं काय, आहे तशी चाललीय.”

त्यानं पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. वडिलांनी ती तशीच धरून ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. साडेचारला खिडकी बंद होणार होती. ती एकदा बंद झाली, की काही बोलायची गरजच उरणार नव्हती. मुलाचा हात असाच दंडावर राहणार होता, आज, उद्या, शेवटपर्यंत.

बाई फाइलची दोरी बांधू लागल्या.

“थांबा,” वडील म्हणाले. त्यांनी मुलाचा हात आपल्या हातानं अलगद सोडवला.

“वजन मीच केलं होतं, बाळा. रागाच्या भरात तेरा ग्रॅमची डबी वजा करायची राहून गेली.”