सहा टेबलांचं पत्रक

"पक्का हटाना है?" पडद्यावर प्रश्न उमटला आणि मल्हाररावांनी माऊसवरचा हात झटक्यात काढून घेतला. चौतीस वर्षांच्या नोकरीत कचेरीत त्यांना इतक्या अदबीनं कोणी काही विचारलं नव्हतं. मग धीर करून त्यांनी ‘नहीं’वर टिचकी मारली. कागद होता तिथेच राहिला. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि शेजारच्या वहीत, गुणांच्या रकान्यात, त्यांनी चौथा मुद्दा लिहिला: चूक होण्याआधी विचारतं.

राज्याचे दोन तुकडे होऊन तीन वर्षं झाली होती, पण बियाणे मंडळाच्या माणसांची वाटणी अजून संपली नव्हती. ग्वाल्हेरच्या शाखेत कारकून सहा. भोपाळहून आलेल्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं की मार्चपर्यंत जे संगणकावर काम करून दाखवतील ते इथे राहतील, बाकीचे जादा ठरून नव्या राज्यात, रायपूरला, जातील. मल्हाररावांची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. घरी पत्नीला, विजयाबाईंना, अर्धांगवायू झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ उठवून बसवायला तेच लागत.

यंत्रात कोणती प्रणाली घालायची, हे ठरायचं होतं. एक होती सगळीकडे चालणारी. तिच्यापुढे बसलं की शाखेतल्या पन्नाशीच्या माणसांना घाम फुटे. दुसरी होती ‘सहज’, खास नवशिक्यांसाठी बनवलेली. नई सडकेवरच्या एका दुकानदारानं ती महिनाभर वापरून पाहायला दिली होती. पारखायचं काम साहेबांनी मल्हाररावांच्या गळ्यात घातलं, कारण यंत्राला सगळ्यात जास्त घाबरणारे तेच. "मल्हाररावजी, आप सीख गए तो कोई भी सीख जाएगा," साहेब म्हणाले. बिचाऱ्यांना तो मान वाटला.

त्यांचे आजोबा ग्वाल्हेर दरबारच्या दफ्तरात होते. अभिप्राय लिहायचा तर गुण आणि दोष दोन्ही लिहायचे, आणि पुराव्याशिवाय सही करायची नाही, ही घरची शिस्त. मल्हाररावांनी दोषही प्रामाणिकपणे टिपले. भोपाळहून आलेल्या तक्त्यांच्या रेघा मोडतात. प्रिंटर दोनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाही. बिघाड झाला तर शहराच्या सगळ्या लष्कर भागात दुरुस्त करणारा माणूस एकच. पण पडद्यावरची चित्रं मोठी होती, भाषा हिंदी होती, आणि आठव्या दिवशी मल्हाररावांनी स्वतःच्या हातानं रजेचा अर्ज टाइप करून छापला. त्या दिवशी घरी जाताना ते चक्क गुणगुणत होते.

मग त्यांनी एकेकाला हाताला धरून यंत्रापुढे बसवलं. उषाताई सगळ्यात शेवटी आल्या. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर लागलेली ही बाई विजेचं बटणसुद्धा पदर धरून दाबायची. चार दिवसांत त्यांची बोटं मल्हाररावांच्या पुढे पळू लागली. सहाही जण शिकले. आता रायपूर टळलं, असं मल्हाररावांनी विजयाबाईंना सांगूनही टाकलं.

पुरावा म्हणून काय जोडायचं, याचा त्यांनी दोन दिवस विचार केला. यंत्रावर आतापर्यंत करून पाहिलेली सगळी कामं पत्रं-अर्जांची होती. शाखेचं खरं काम म्हणजे तिमाही पत्रक, कोणत्या गोदामात कोणतं बियाणं किती आहे त्याचं. ते दरबारी रीतीनं सहा टेबलांवरून फिरायचं. एकानं आकडे काढायचे, दुसऱ्यानं मांडायचे, तिसऱ्यानं बेरजा करायच्या, चौथ्यानं ताडून पाहायचं, पाचव्यानं सुवाच्य नक्कल करायची आणि सहाव्यानं नोंद घेऊन पाठवायचं. सहा हातांखालून गेल्याशिवाय कागद पक्का नाही, असंच सगळे मानत. तीन आठवडे सहज जायचे. मल्हाररावांनी अभिप्रायाच्या शेवटी लिहिलं की या तिमाहीचं पत्रक आम्ही ‘सहज’वर साहेबांसमक्ष करून दाखवू, आणि शाखेचा निर्णय त्यावरूनच व्हावा. खाली झोकदार सही केली. साहेबांनी तो कागद लगेच भोपाळला फॅक्स केला आणि तिकडून दुसऱ्या दिवशी मंजुरीही आली.

सोमवारी अकरा वाजता उषाताई यंत्रापुढे बसल्या. पहिलं टेबल त्यांचं, म्हणून सुरुवात त्यांनी करायची होती. बाकीचे पाच जण आपापली पाळी येईल म्हणून मागे खुर्च्या टाकून बसले. तिसऱ्या टेबलावरच्या श्रीवास्तवजींनी बेरजांसाठी चष्मा पुसून ठेवला. साहेब घड्याळ बघत दारात उभे होते.

उषाताईंनी आकडे भरले. रकाने आपोआप मांडले गेले. बेरजा त्यांच्या त्याच झाल्या. एका गोदामाचा आकडा चुकला होता, तो यंत्रानं लाल करून दाखवला. प्रिंटरला दोनदा सांगावं लागलं, मग स्वच्छ प्रत बाहेर आली. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मागे टाळ्या वाजल्या. श्रीवास्तवजींनी तर मल्हाररावांची पाठ थोपटली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. खिशातून पेन काढून त्यांनी वेळ लिहिली, मग खुर्च्या मोजल्या आणि तो आकडाही लिहिला. मल्हाररावांनी ते पाहिलं आणि मागच्या खुर्च्या स्वतःही मोजल्या: त्यांची धरून पाच. अभिप्राय भोपाळला पोचला होता, सही त्यांची होती.

उषाताईंनी खुर्ची वळवली. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"मल्हारराव, माझं तर होऊन गेलं," त्या म्हणाल्या. "आता तुम्हा पाच जणांना काय देऊ?"