चुन्याखालची रेघ

तानसा नदीचं पात्र मोजत सर्वेक्षक सुरुची काठावरच्या रामनाथकाकांच्या अंगणात पोहोचली. पूररेषेच्या नकाशासाठी तिला एवढीच एक नोंद हवी होती. "काका, गेल्या पुरात पाणी कुठवर आलेलं?" "अंगनात. पायरीला पन नाय लागलं," तिच्याकडे न बघताच ते म्हणाले. विरारचा बिल्डर ही जागा घेणार होता. पूररेषेत गेली तर व्यवहार मोडणार होता. सुरुची लिहून घेणार तोच सत्यवतीकाकू विळा घेऊन बाहेर आल्या आणि भिंतीवरचा ताजा चुना खरवडू लागल्या. चुन्याखालून गाळाची तपकिरी रेघ निघाली, सुरुचीच्या छातीइतकी उंच. "उद्या इथं कुनाची तरी पोरं निजतील," त्या नवऱ्याला म्हणाल्या. रामनाथकाका भिंतीजवळ आले. मग सुरुचीने रेघेला टेकवलेली मोजपट्टी त्यांनी दोन बोटं वर सरकवली. "इथं लिव, पोरी. पानी इथवर आलं होतं."