हाकेला ओ

साहेबांनी सांगितलं म्हणून सिरिन्यानं सर्व्हरचं 'पिंग'ला, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून येणाऱ्या हाकेला, उत्तर देणं बंद करून टाकलं. कुठकुठले चोर दिवसभर "आहेस का?" म्हणून टकटक करायचे आणि सर्व्हर भोळेपणानं "आहे" म्हणायचा. आता हाका मारून कुणाचा घसा बसला तरी ओ मिळणार नव्हती.

दुपारी ती चिकट भाताचा घास मोडत होती, तेवढ्यात फोन वाजला. नान गावाहून थीरातची आई बोलत होती. थीरात सिरिन्याच्या आधी ऑफिसात याच खुर्चीत बसायचा. पावसाळ्याच्या तोंडावर वारला.

"पोरी, आज माझा थीरात ओ का देत नाही गं?"

सिरिन्याचा घास हातातच राहिला.

"त्यानंच शिकवलंय मला. म्हणायचा, मी फोन नाही उचलला तर कॉम्प्युटरवर एवढं टाइप कर. सर्व्हरनं उत्तर दिलं की समज, मी बरा आहे. ताट वाढलं की रोज हाक मारते. ओ आल्याशिवाय घास उतरत नाही."

सिरिन्याला थीरातच्या अंत्यविधीचे देवळातले ते दिवस आठवले. जेवणाच्या वेळी रिवाजाप्रमाणे हीच आई शवपेटीवर टकटक करायची आणि म्हणायची, "ऊठ राजा, जेवून घे."

सिरिन्यानं त्या एका घरापुरती सर्व्हरला बोलायची मुभा दिली.

"आता मारा हाक, आई."

पलीकडे एक कळ वाजली. थोड्या वेळानं म्हातारी हसली.

"दिली गं, दिली! देवळात एवढी पेटी ठोठावली, तेव्हा मात्र रुसून बसला होता गुलाम."