रोजचे पाळकसाहेब

पाळक शिरसाठ मार्थाबाईंच्या घरी येऊन बसले त्याला बराच वेळ झाला, तरी चहा आला नव्हता. घरभेटीला आलेल्या पाळकाला मंडळीतलं कोणतंच घर पूर्वी बिनचहाचं सोडत नसे. पण पाळकांची धावपळ वाचावी म्हणून चर्चच्या कमिटीने घरोघरी उजेडाची प्रतिमा उमटवणारा एक दिवा बसवला. हाक मारली की त्यातून हुबेहूब शिरसाठ येऊन बसायचे. तोच आवाज, तोच खोकला. त्यांना चहा लागत नव्हता. खऱ्या शिरसाठांना मात्र रविवारच्या उपदेशापलीकडे कोणी विचारेनासं झालं.

शेवटी ते चिडून म्हणाले, "मार्थाबाई, निदान चहा तरी टाका हो!"

बाई दचकल्या. त्यांनी शिरसाठांच्या गुडघ्याला बोट लावून पाहिलं. "अगंबाई, खरेच आलात! आधी कळवायचं ना, दूध आणून ठेवलं असतं."

"राहू द्या दूध. प्रार्थना करू आणि निघतो."

बाई ओशाळल्या. "रागावू नका साहेब, पण प्रार्थना रोजच्या साहेबांनाच करू द्या. तुम्ही फार घाई करता."

त्यांनी हाक मारली. दुसरे शिरसाठ पलंगाच्या कडेला येऊन बसले आणि सावकाश प्रार्थना करू लागले.

"शेवटी आमच्या पाळकसाहेबांसाठी मागा," बाई म्हणाल्या.

"हे प्रभू, तुझा सेवक फार थकला आहे. हे तो कोणाजवळ बोलत नाही. त्याला विसावा दे."

मार्थाबाईंनी मोठ्याने आमेन म्हटलं. खऱ्या शिरसाठांना ते म्हणता येईना.