तीन बोटं

मल्लव्वानं कडक भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तो मऊ व्हायची वाट बघत बसली. एरवी ही बाई कडक भाकरी अशी कुडुमकुडुम खायची की शेजारच्या घराला कळावं, मल्लव्वा जेवायला बसली म्हणून. तिच्या लेकानं, शिवूनं, ते बघितलं. पण कारखान्याला सुट्टी, टीव्हीवर दुपारचा सिनेमा, ताटात शेंगाची चटणी आणि वर तेलाची धार. अशा वेळी कोण कशाला काय विचारतंय?

सिनेमाच्या आधी तंबाखू सोडा म्हणून सांगणारी जाहिरात लागली. एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस हसत हसत दोन शब्द सांगून गेला.

"ह्याला कोण भितंय?" मल्लव्वा म्हणाली. "ती आदीची खरी. बगितली की पोटात गोळाच यायचा."

ती आधीची! शिवूचा घास हातातच राहिला. ती जाहिरात तो जन्मात विसरणार नव्हता. तरणाताठा माणूस स्वतःच्या हळदीला बसलाय, बहीण पेढा भरवायला येते आणि त्याचं तोंडच उघडत नाही. मग खाट. खाटेवर तोच माणूस, गालाला भोक पडलेलं, आणि उशाशी म्हातारी आई पेजेचा चमचा घेऊन बसलेली. शेवटी एक जाड आवाज बजावायचा, तीन बोटं एकावर एक धरा आणि तोंडात घाला. जात नसतील तर आजच डॉक्टर गाठा.

शिवू पोरसवदा असताना गुटख्याला लागला होता. तेव्हा ह्याच अव्वानं त्याला कान धरून त्या जाहिरातीसमोर बसवलं होतं. डोळे मिटले की पाठीत धपाटा. "बग! नीट बग! आता बोटं घाल!" बोटं सहज जायची, तरी पोरगं घामाघूम व्हायचं. पुड्या सुटल्या त्या कायमच्या. गल्लीत कुणी तोंडात पुडी रिकामी करताना दिसला की मल्लव्वा अजून त्याला अडवून सांगायची, माझा लेक टीव्हीनं वाचवला म्हणून.

आता तिनं तो भिजलेला तुकडा एका बाजूनं तोंडात सरकवला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अव्वा, दात दुकतोय का?"

"दात न्हाय रे. गालात फोड आलीया. उष्णतेची. चार येळा मिसरी लावतीया, तेवढंच बधिर ऱ्हातंय."

"कदीपास्नं हाय?"

"दिवाळीची चकली टोचली बग, तवापास्नं."

बाहेर ऊन रणरणत होतं. दिवाळी कुठल्या कुठं राहिली होती.

तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि सकाळी मोरीपाशी उकिडवं बसून बोटानं दातांना लावायची, ही ह्या घरातल्या बायांची रीत. शिवूची बायको शिवलीला सून म्हणून आली, तेव्हा मल्लव्वानं मायेनं आपली डबी तिच्यापुढं धरली होती. आता सासूसुनेची डबी एकच. मिसरीला ह्या घरात तंबाखू कुणी म्हणत नव्हतं. गुटखा, बिडी ही बाप्यांची थेरं; मिसरी म्हणजे दात घासणं. शिवूला तरी कधी सुचलं होतं? जाहिरातीत त्यानं आजारी बघितला तो बाप्याच; बाई होती ती चमचा घेऊन उशाशी बसलेली.

त्यानं ताट बाजूला सारलं.

"अव्वा, तीन बोटं घाल."

"चल, येड्या. मी काय गुटका खातीया?"

"घाल म्हन्तो ना!"

तो असा ओरडला की आत भांडी घासणारी शिवलीला हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. मल्लव्वा हसली. पदराला हात पुसले, बोटं एकावर एक धरली आणि लेकाची हौस पुरवावी तशी तोंडाकडं नेली. एक गेलं. दुसरं दातांना घासत घासत कसंबसं शिरलं. तिसरं बाहेरच राहिलं. तिनं जोर केला, कळवळली, हात काढून घेतला.

"माजी बोटं जाड हायती रे," ती म्हणाली.

शिवूला रडू फुटलं. "तंबाकूच हाय की गं ती, अव्वा!"

"भाजल्यावर काय ऱ्हातंय तिच्यात? इख जळून जातंय की सगळं."

मल्लव्वानं टीव्हीकडं बघितलं. सिनेमा सुरू झाला होता, कुणीतरी नाचत होतं.

"त्यात मिसरीचं कुटं सांगितलं हुतं?" तिनं विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. "मी रोज बगत हुते. तुज्यासंगट बसून. एकदा तरी सांगितलं का, सांग की."

"उठ. लुगडं बदल. दवाखान्यात जायचं."

ती उठली नाही. ती दाराकडं बघत होती. शिवलीला तिथंच उभी होती, उजव्या हाताचं बोट पदरात लपवून. मग तिनं ते बाहेर काढलं. घासणीनं घासूनही नखाच्या कडेला काळं राहिलं होतं. दोघांकडं पाठ करून ती कपाटाच्या आरशापुढं गेली, आणि तिनं तीन बोटं एकावर एक धरली.

मल्लव्वानं डोळे गच्च मिटून घेतले.